नवमीला पुजलेले शॉकअप

आमच्या जीपच्या सीटांवरचं प्लास्टिक सहा वर्षांत कोणी काढलं नाही. शोरूममधून जसं आलं तसं ते राहिलं. उन्हाळ्यात त्याला मांड्या चिकटत आणि उठताना चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज येई. पावसाळ्यात शिवणीतून पाणी शिरून आत काळी बुरशी धरे. बाबांचं म्हणणं असं की प्लास्टिक गेलं की गाडी जुनी झाली. बुरशी धरलेली गाडी नवी कशी, हे त्यांना विचारायची घरात पद्धत नव्हती. धामणगाव बढ्याला तेव्हा बैलजोड्या दारोदार होत्या, ट्रॅक्टर थोड्यांकडे आणि जीप त्याहून थोड्यांकडे. बाबांचं नाव साहेबराव. जीप आल्यापासून लोक त्यांना जीपवाले पाटील म्हणू लागले, आणि या अदलाबदलीत आपला काही तोटा झाला असं त्यांना कधी वाटलं नाही.

मागणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना येत नसे. याला गावात मोठं मन म्हणत. नवरदेव आणायचा असो, साप चावलेला माणूस दवाखान्यात न्यायचा असो, नांदुऱ्याच्या स्टेशनवर कोणाचे पाहुणे उतरणार असोत, जीप निघे. सात माणसांच्या गाडीत चौदा बसत आणि वर दोघं बॉनेटवर, कारण वरातीच्या गाडीचं बॉनेट रिकामं दिसणं हा गाडीवाल्याचा कंजूषपणा समजला जाई. माणसं नसतील तेव्हा सरकीची पोती, खताची पोती, एकदा लोखंडी नांगर, एकदा रेडकू. परत आल्यावर बाबा जीप धूत. जीपची निगा म्हणजे तिची अंघोळ, अशी त्यांची समजूत होती आणि ही अंघोळ ते दुसऱ्या कोणाला घालू देत नसत. आधी पाणी, मग साबण, मग पुन्हा पाणी, आणि शेवटी डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं अंगावरून आणि अंगाखालून, चमक यावी म्हणून. डिझेलनं खालची रबरं कुजतात, असं त्यांना एकदा नांदुऱ्याच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात डिझेल जास्त वापरलं. अंगणात दिवसभर तो वास राही. चुलीवर आईनं तुरीच्या डाळीचे फुणके उकडायला ठेवलेले असत, कढीत लसणाची फोडणी पडलेली असे, आणि त्या फोडणीत डिझेल मिसळून जो वास होई तो माझ्या लेखी घराचा वास आहे. आजही पेट्रोल पंपावर गाडी थांबली की मला भूक लागते.

रबरं कुजल्यावर जीप ओरडू लागली. प्रत्येक खड्ड्याला खालून एक लांब कुईं असा आवाज येई. आई तो आवाज वेशीपासून ओळखे आणि तव्यावर भाकर टाके. बाबा हात धुऊन येईपर्यंत ती फुगलेली असे. चाक आणि गाडी यांच्यामध्ये नळीसारखा जो भाग उभा बसवलेला असतो, शॉक अॅब्सॉर्बर, त्याला आमच्याकडे सगळे शॉकअप म्हणतात. आमच्या जीपचे चारही शॉकअप केव्हाच मेले होते. खड्ड्यातून गेल्यावर ती एकदा उसळून थांबत नसे. चार-पाच वेळा खालीवर होत राही, भाषण संपल्यावरही मान हलवत बसलेल्या सभापतीसारखी. बाबा याला डौल म्हणत. "घोड्यावानी चालते," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे छताची नळी घट्ट धरून हो म्हणत.

आईच्या डाव्या डोळ्यात वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटताना काडी गेली होती. तिनं ते दोन वर्षं अंगावर काढलं. डोळ्यावर पांढरी साय आली, आणि ज्वारीतले खडे तिला दिसेनासे झाले तेव्हा घरात पहिल्यांदा या विषयाची चर्चा झाली, कारण खडा बाबांच्या दाताखाली आला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मोतिबिंदू सांगितला. त्या काळी डोळ्याचं ऑपरेशन थंडी पडल्यावर करत, डोळा बराच कापत आणि टाके घालत. डॉक्टर कमी बोलणारे होते. ते म्हणाले, "ऑपरेशन मी करीन. पण घरी नेताना दचका बसून टाका सुटला तर डोळा गेला. मग परत आणून उपयोग नाही. नीट गाडी आणा."

"आपली जीप हाये न साहेब," बाबा म्हणाले.

"तिच्यातूनच आलात ना आज? म्हणून सांगतोय."

डॉक्टरांचं बोलणं बाबांना लागलं. शॉकअप बदलायचे ठरले ते आईच्या डोळ्यासाठी, हे खरं आहे. जीपचा अपमान झाला होता, हेही खरं आहे. दोन्हींतलं काय आधी, याचा निवाडा मी करत नाही.

नांदुऱ्यात स्टेशनच्या अलीकडे लतीफ उस्तादचं गॅरेज होतं. पन्नाशीचा, बारीक, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. मालगाडी जाऊ लागली की भिंतीवर टांगलेले पाने थरथरत. उस्ताद बोलणं थांबवी, गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढं सुरू करी. त्यानं आमच्या जीपच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला, सोडलं आणि मोठ्यानं मोजलं. "एक, दोन, तीन, चार. पाटील, हे जीप नाई, पाळना हाये."

"सगळ्यात कडक असतीन ते टाका," बाबा म्हणाले. "ट्रकचे असले तरी चालते."

"ट्रकचे कायले? भाभीले आनाचं हाये का कापसाच्या गाठी?"

"मजबूत पाहिजे ना उस्ताद."

"मजबूत येगळं अन् कडक येगळं. ट्रकचा टाकला तं खड्डा सीधा भाभीच्या डोक्यात जाईन. स्प्रिंग उसळते. शॉकअपचं काम तिले सबर शिकवनं हाये. शिकवनारा लय कडक असला तं पोरगं शिकत नाई, मार खाते फकत."

त्यानं एक जुना शॉकअप काढून मापं घेतली: पूर्ण मिटलेला किती, पूर्ण उघडलेला किती, आणि गाडी चाकांवर उभी असताना दोन्हींकडे किती जागा उरते. जागा उरली नाही तर मोठ्या खड्ड्यात नवा शॉकअप पहिल्याच दिवशी फुटतो. मग तो स्वतः आमच्याबरोबर समोरच्या पार्टच्या दुकानात आला. दुकानदारानं त्या मापाचे दोन प्रकार काढले. एकाचा दांडा पत्र्याच्या काळ्या टोपणात झाकलेला. दुसऱ्याचा दांडा उघडा, आरशासारखा चकचकीत, आणि त्यावर घड्याघड्यांचा रबरी मोजा चढवलेला. काम दोन्हींचं सारखंच. उस्तादनं पहिल्यावर बोट ठेवलं. बाबांनी मोजा वर सरकवून दुसऱ्याचा दांडा पाहिला आणि त्यांचा निर्णय झाला.

"चालते, हे बी चालते," उस्ताद म्हणाला. "पन मोजा काढाचा नाई."

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि ऐकू येईल ते लिहून घ्यायची खोड मला लागली होती. वहीच्या शेवटच्या पानावर मी उस्तादचं सगळं बोलणं उतरवलं. शॉकअप उभे ठेवायचे, दांडा वर. आडवे पडले तर आतलं तेल आणि हवा जागा सोडतात. बसवायच्या आधी उभा धरून पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा, म्हणजे हवा बाहेर जाते. दांड्याला पाना लावायचा नाही, वाळू लागू द्यायची नाही; काही लागलंच तर मऊ फडक्यानं पुसायचं, कारण दांडा जिथून आत जातो तिथल्या सीलला चरा पडला की तेल गेलं. नट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. नळी ओली दिसली आणि तिला धूळ चिकटली, की शॉकअप मेला. कोपरा दाबून सोडला तर गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. पुढं मी जन्मभर लोकांचं बोलणं उतरवण्याचाच पगार घेतला, पण त्या पानाइतका बिनचूक मजकूर मी फारसा लिहिला नाही. वाईट एवढंच की तो कोणी मागितला नव्हता.

उस्ताद लगेच बसवून देतो म्हणाला.

"पितरपाट चालू हाये," बाबा म्हणाले. "नवं लोखंड लावत नाईत. नवमीले पूजा करू अन् दसऱ्याले लावू."

"अर्ध्या घंट्याचं काम हाये पाटील. गाडी पुसाले बी जास्त टाइम लागते तुमाले."

"नाई नाई."

उस्तादनं हात पुसले. "तुमचा धरम तुमच्यापाशी. उभे ठेवजा फकत."

घरी आल्यावर बाबांनी ते चार शॉकअप भिंतीतल्या फडताळात गोधड्यांच्या घडीवर, शालू ठेवावा तसे, आडवे ठेवले. उभे ठेवायचे आहेत, असं मी सांगितलं. "पडतीन," ते म्हणाले. विषय संपला.

इथं एक आजची नोंद करतो. परवा भाच्यानं अकोल्यात नवी गाडी घेतली. गाडीला किती एअरबॅग आहेत हे त्यानं मला दोनदा सांगितलं. मग चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवून गाडी पुढं घेतली, आणि त्याच्या बायकोनं प्रत्येक लिंबाचा वेगळा व्हिडिओ काढला. हा भाचा इंजिनिअर आहे. शिक्षणानं अडाणीपणा जातो, असं आमच्या पिढीला शाळेत सांगितलं होतं. शिक्षणानं तो व्हिडिओ काढायला शिकतो.

खंडेनवमीला सकाळी देवासमोर घरातली सगळी हत्यारं मांडली गेली: विळे, कुऱ्हाड, तिफणीचे फाळ, फवारणीचा पंप, आईची शिलाई मशीन, माझं पेन. मधोमध पाटावर चार शॉकअप. आईनं पुरण शिजत घातलं होतं आणि एका डोळ्यानं ती सगळीकडे लक्ष ठेवून होती. बाबा सोवळं नेसून पाटावर बसले आणि त्यांची नजर रबरी मोज्यांवर गेली.

"हे काय काळं काळं?"

"मोजा आहे. काढायचा नाही म्हणाले उस्ताद."

"पॅकिंग हाये बे ते. देवापुढं पॅकिंग ठेवतेत काय?"

त्यांनी दाढीचं ब्लेड मागवलं आणि चारही मोजे उभे चिरून सोलून काढले. ज्या माणसानं सहा वर्षं सीटांवरचं प्लास्टिक निघू दिलं नाही, त्यानं काढू नये असं गाडीतलं एकमेव आवरण पाच मिनिटांत काढलं. मग त्यांनी दांडे पूर्ण लांबीला ओढले. ते खरोखर सुंदर दिसत होते. बाबांनी एकात वाकून पाहिलं आणि टोपी सरळ केली. मग वाटीत कालवलेलं कुंकू, मग हळद, मग गंध. वरून खालपर्यंत प्रत्येक दांड्यावर पाच-पाच पट्टे, आणि ओल्या पट्ट्यांवर चिकटतील तेवढ्या अक्षता. वर नारळाचं पाणी. झेंडूची फुलं. आश्विनातल्या उन्हानं दुपारपर्यंत ते सगळं वाळून भिंतीच्या गिलाव्यासारखं घट्ट झालं.

दसऱ्याला सकाळी ते आम्ही दोघांनीच बसवले. उस्तादकडे जायचं तर नांदुऱ्याला जावं लागलं असतं, आणि बाबांना सोनं लुटायला जाताना नव्या शॉकअपवर जायचं होतं. मी वही घेऊन उभा होतो. म्हटलं, "दांडे पुसून घेऊ. उस्तादनं सांगितलंय, काही राहिलं तर सील कापलं जातं."

बाबा जीपखालून अर्धे बाहेर आले. "कुंकू पुसू?"

"ओल्या फडक्यानं."

"नवमीच्या पूजेचं कुंकू पुसू? तुया मायचं ऑपरेशन तोंडावर आलं, अन् तू मले दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसाले सांगतं? काही अक्कल हाये का तुले?"

आई दारात उभी होती. बाबांना घाबरून मी गप्प बसलो असं पुढं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरं असं की कुंकू पुसण्याच्या बाजूनं बोलणारा माणूस त्या घरात, त्या दारात उभ्या असलेल्या बाईसमोर, वाक्य पुरं करू शकत नव्हता. आमच्याकडे अशी काही वाक्यं असतात की ती अर्ध्यातच हरतात. पाच वेळा दाबायचंही राहून गेलं. दांडा आत ढकलला असता तर कुंकू खरवडलं गेलं असतं. शॉकअप जोडण्यापुरते अलगद मिटवून नट आवळले. खरवडण्याचं काम पुढं रस्त्यानं केलं.

पहिले काही दिवस जीप चांगली चालली. शॉकअपबरोबर नवी रबरं आल्यानं कुईं थांबलं, आणि आईची एक-दोनदा भाकर चुकली, कारण बाबा दारात आल्याशिवाय कळेना. बाबांनी भेटेल त्याला जीपमध्ये बसवून वेशीपर्यंत नेऊन आणलं. दिवाळीनंतर त्यांनी आईला बुलढाण्याला नेलं. ऑपरेशन झालं. दहा दिवस मी दवाखान्यात तिच्याजवळ होतो. चावायचं नव्हतं, म्हणून भाकर ताकात कुस्करून द्यायची; वाकायचं नव्हतं, खोकायचं नव्हतं; शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं होतं. उशीच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. ती चुंबळीवर ठेवलेल्या घागरीसारखी पडून असे आणि गावाकडच्या आवाजांची चौकशी करी: गाय व्यायली का, गिरणीचा पट्टा बदलला का. बाबा दर दोन दिवसांनी येत, आणि येताना भेटायला येणारे दहा-बारा जण जीपमधून आणत. एवढी माणसं भेटायला येतात, हे डॉक्टरांनी पाहावं अशी त्यांची इच्छा होती.

दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी सकाळी ते एकटे आले. पांढरा शर्ट, धुतलेली जीप, सीटांवरचं प्लास्टिक पुसलेलं. ते आत डॉक्टरांशी बोलत असताना मी आवारात जीपखाली वाकून पाहिलं. चारही नळ्या ओल्या होत्या आणि त्यांना धुळीचा जाड थर चिकटला होता. पुढच्या दोन्हींवर त्या थरात लाल रंग मिसळलेला होता. मी पुढचा कोपरा दाबला आणि सोडला. एक, दोन, तीन, चार.

एसटी स्टँड तिथून पायी थोड्या अंतरावर होतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य माझ्याकडे लिहून तयार होतं. मी बोललो नाही. का बोललो नाही ते नोंदवणं भाग आहे, कारण ते इथंच नोंदवलं जाईल. जीप रस्त्यात, लोकांदेखत, बाबांना खोटं ठरवील, आणि तेव्हा मी वही काढून दाखवीन, असं चित्र मी दसऱ्यापासून मनात घोळवत होतो. माझी टिपणं बरोबर होती हे सिद्ध व्हायचं बाकी होतं. सिद्ध कशावर होणार, तर आईच्या डोळ्यावर, एवढा पुढचा विचार मी केला नाही. बाबांच्या मूर्खपणाला निदान देवाचं निमित्त होतं.

आईला मधल्या सीटवर बसवलं. डाव्या डोळ्यावर पट्टी आणि वर हिरवं कापड. मी तिच्या शेजारी. बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघालं की राजूरचा घाट उतरावा लागतो. गावाबाहेर पडेपर्यंत रस्ता बरा होता. घाटाच्या तोंडाशी पहिला मोठा खड्डा आला. जीप खाली गेली, वर आली, आणि मग थांबेचना. आईनं दोन्ही तळवे कानशिलांवर दाबून धरले होते. दुसऱ्या खड्ड्याला तिचं डोकं छताच्या नळीपर्यंत गेलं. वळणावर पुढची चाकं रस्ता सोडून बाजूला सरकली आणि बाबांनी ब्रेक लावला.

"थांबवा," आई म्हणाली.

"हळू घेतो न."

"थांबवा म्हनलं न."

तिला मोठ्यानं बोलायची मनाई होती. ती मोठ्यानं बोललीही नाही. बाबांनी थांबवली. ती उतरली, पदर सारखा केला. "तुमी जीप आना. मी पायी येतो."

"काही समजते का तुले? पूर्ण घाट हाये. लोक काय म्हनतीन?"

"डॉक्टरनं डोया लोकाइले नाई देला. मले देला."

आणि ती चालू लागली. मान ताठ, पावलं लहान, डोक्यावर भरलेली घागर असावी तशी. मी तिचा हात धरला. मागून पहिल्या गिअरमध्ये जीप, रिकामी असूनही प्रत्येक खड्ड्याला चार वेळा मान डोलावत. एका वळणावर वानरं कठड्यावर बसून आमची मिरवणूक पाहत होती. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "मधू, तुले माईत होतं."

मी तिच्या वाटेतला एक दगड पायानं बाजूला सारला.

"गाडी सुरू व्हाच्या आधी तू दोन्ही हातानं वरची नळी धरली. तुया बापानं नाई धरली. त्याले खरंच नोतं माईत."

"बाबांना सांगून ते ऐकतात का?"

"त्याईले कायले सांगतं? मले सांगाचं होतं."

एवढंच. ती पुढं त्या विषयावर त्या दिवशी बोलली नाही आणि नंतरही नाही. पुढं संपादकांनी माझ्या बातम्या फाडल्या, एकदा एका पुढाऱ्याच्या माणसांनी कॉलर धरली, पण तीन शब्दांत इतकं काम कोणी केलं नाही. ज्याचा डोळा होता त्याला सोडून मी सगळ्यांचा विचार केला होता.

अर्ध्या घाटात मागून एसटी आली. ड्रायव्हरनं जीप पाहून गती कमी केली, कंडक्टर दारातून ओरडला, "काय झालं पाटील? बंद पडली काय?"

बाबांनी जीपमधून मान बाहेर काढली. "छ्या! डॉक्टरनं चालाले सांगतलं पेशंटले. रक्त फिरते."

आईनं हात वर केला आणि एसटी थांबली. ती चढली, तिच्यामागं मी. पुढच्या सीटवरचा माणूस उठून जागा देऊ लागला. ती नको म्हणाली आणि मधोमध जाऊन बसली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. तिथं दचका सगळ्यात कमी लागतो. हे तिला कोणत्याही उस्तादनं शिकवलं नव्हतं. जीप यायच्या आधी ती वीस वर्षं एसटीनं माहेरी गेली होती. मागच्या काचेतून मी पाहत होतो. बाबांना एसटी ओलांडून पुढं जाता आलं असतं. ते गेले नाहीत. धामणगावपर्यंत ते एसटीच्या मागं धूळ खात आले, आणि स्टँडवर उतरलो तेव्हा पांढरा शर्ट आणि धुतलेली जीप दोन्ही एका रंगाचे झाले होते.

टाका शाबूत राहिला. आत थोडं रक्त आलं होतं ते महिन्याभरात विरलं. जाड भिंगाच्या चष्म्यातून आई पुन्हा ज्वारीतले खडे वेचू लागली. बाबांनी कंडक्टरला सांगितलेली बातमी गावात कायम झाली: बुलढाण्याचा डॉक्टर इतका हुशार, की पेशंटला घाट पायी उतरायला लावतो. दोन-तीन जण पुढं ऑपरेशननंतर मुद्दाम पायी चालत आल्याचंही मी ऐकलं. बाबा वारले तेव्हा अंत्यदर्शनाला आलेल्या एकानं तीच गोष्ट मला कौतुकानं सांगितली आणि मी मान डोलावली. लोकांच्या मजकुरातल्या चुका काढणं हा माझा धंदा होता. ही चूक मी आज काढतो आहे.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी आईनं मला एकट्याला नांदुऱ्याला पाठवलं. "पत्र्यात झाकलेले आनजो," ती म्हणाली. उस्तादच्या हातात मी जुना शॉकअप दिला तेव्हा सीलच्या कडेला अडकलेला तांदळाचा दाणा त्यानं नखानं काढला, तळहातावर ठेवून पाहिला आणि फुंकर मारून उडवला. घरी आल्यावर आईनं मला वहीचं ते पान वाचायला लावलं. दोनदा. मग शॉकअप तिनं ज्वारीच्या कोठीत दाण्यांमध्ये उभे रोवून ठेवले.

नवमीला सकाळी, बाबा अंघोळीला गेले असताना, ते बाहेर काढून तिनं पुसले. पदर खोचला, एकेक जमिनीवर उभा धरला आणि मुसळ धरावं तसं दोन्ही हातांनी दाबलं, ओढलं, दाबलं, ओढलं. पाच वेळा. ती मोजत होती. चारही झाल्यावर ते तिनं कोपऱ्यात भिंतीशी उभे केले आणि पडू नयेत म्हणून पुढं पाट लावला. देवासमोर विळे, कुऱ्हाड, पंप, शिलाई मशीन, माझं पेन, आणि मधोमध शॉकअपची चार रिकामी खोकी.

बाबा सोवळं नेसून आले, कुंकवाची वाटी घेऊन बसले आणि खोक्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातल्या शॉकअपकडे पाहिलं.

"खोक्याइची पूजा कराची काय?"

"हाव," आई म्हणाली. "आत काय होतं ते देवाले समजते."

बाबांनी वाटी जवळ ओढली. त्यांनी बोट बुडवलं आणि पहिल्या खोक्याला कुंकू लावलं. खोक्याच्या त्या बाजूला कंपनीनं मराठीसकट पाच भाषांत सूचना छापल्या होत्या: उभे ठेवा, दांड्याला काही लावू नका. गेल्या वर्षीच्या खोक्यांवरही त्या असणार. बाबांचं बोट बरोबर मराठीवर टेकलं.